पदराला मारलेली गाठ

प्रार्थना संपली होती. मोठ्या बाईंनी मला पुढे बोलावलं. सातवीचे चित्रकलेचे गुण आदल्या दिवशी द्यायचे होते. विसरले होते. पुन्हा. सगळ्या शाळेसमोर त्यांनी माझ्या साडीचा पदर हातात घेतला आणि टोकाला घट्ट गाठ मारली.

"दिवसभर सोडायची नाही. बंदरावरून आलेल्यांना असंच शिकवावं लागतं."

मुलं हसली. शिक्षक हसले. मीही हसले. माझं ते हसणं मला अजून झोंबतं.

रत्नागिरीतल्या एका खासगी शाळेत मी चित्रकला शिकवायचे. बाप होडीवर, आई बाजारात मासे विकणारी. मोठ्या बाई संस्थाचालकांच्या घरातल्या. गाठ मी सोडली नाही. जेवताना ती आमटीत बुडाली. वर्गात एका मुलीनं विचारलं, "बाई, तुम्हाला शिक्षा झालीय?"

"हो," म्हटलं.

लहानपणापासून हेच. चप्पल हरवली, एसटी चुकली. आई ओरडायची, "तुजा ध्यान कुठं हाय गो?" ध्यान असायचं. एकदम सगळीकडे. सुकत घातलेल्या मासळीचा बदलता रंग दिसायचा, शेजारणींचं भांडण शब्दन्‌शब्द ऐकू यायचं. चुलीवरचं उतू जाणारं दूध तेवढं दिसायचं नाही. लग्नानंतर नवऱ्यानं नवा शब्द दिला. बेजबाबदार. तो मी खरा मानला. उठता बसता स्वतःला तेच म्हणायचे. शेवटी झोप गेली, जेवण सुटलं. बहीण मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तेव्हा मी चाळिशीला आले होते.

डॉक्टरांनी खूप विचारलं. मला, बहिणीलाही. मग म्हणाले, "तुम्हाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी ठरत नाही. लहानपणापासूनच. हा आळस नाही. तुमच्या मेंदूची घडणच तशी आहे."

नाव कळलं की हलकं वाटतं म्हणतात. मला राग आला. दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले, रागानं. इतकी वर्षं स्वतःला घातलेल्या शिव्या आता कोण परत घेणार होतं?

नवरा म्हणाला, "चला, निमित्त सापडलं."

मोठ्या बाईंना मी सगळं सांगितलं. घाईत, जाता जाता सांगितलेलं माझ्या लक्षात राहत नाही, कामं लिहून द्या, एवढंच मागितलं. त्या म्हणाल्या, "असल्या डोक्याच्या बाईच्या हाती आम्ही मुलं द्यायची?"

स्नेहसंमेलन आलं. रंगमंचाचा पडदा रंगवताना मी तहानभूक विसरले. सभागृहाला कुलूप लावायचंही विसरले. दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर पुन्हा बोलावणं. त्यांचा हात माझ्या पदराकडे आला.

मी पदर ओढून घेतला.

"हात लावायचा नाही. चूक झाली असेल तर खोलीत बोलवा. मुलांसमोर माझा तमाशा करायचा नाही."

कुणी हसलं नाही.

जूनमध्ये नव्या वर्षासाठी त्यांनी मला परत घेतलं नाही.

आता घराच्या पडवीत चित्रकलेचे वर्ग घेते. होड्यांवर नावं रंगवते, माशांची नक्षी काढते. तीन चित्रं एकदम चालू असतात. एकात अडकले की दुसऱ्याकडे वळते. कुणी थांबवत नाही, म्हणून तिन्ही पुरी होतात. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीनं डोक्यातला गलका थोडा कमी होतो. भात तरीही करपतो. नवरा तरीही टोमणे मारतो. गेलेली वर्षं गेली.

माझी मुलगी चौथीत आहे. दुसऱ्या शाळेत. काल तिच्या वहीत चिमणी सापडली, इतकी जिवंत की मी बघतच राहिले. शेजारी लाल शेरा. "लक्ष नसते." विचारलं तेव्हा खाली बघत म्हणाली, "बाई मला रोज दाराबाहेर बसवतात. मी वाईटच आहे ना गो आई?"

नववं वरीस तिचं. आणि तिला ते पटलंसुद्धा आहे.

तिला डॉक्टरांकडे नेणार आहे. त्याआधी उद्या शाळेत जाणार आहे. विनंती करायला नाही. हिला वर्गाबाहेर काढायचं नाही, एवढं सांगायला. ऐकलं तर ठीक. नाहीतर मी रोज जाईन आणि त्या दाराबाहेर तिच्या शेजारी बसेन. येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेन अशी.