आमचा टीव्ही खिडकीकडे तोंड करून होता

थांबा, हे आत्ताच सांगायला हवं, नाहीतर मी सांगणारच नाही! टायपिंग क्लासच्या मशीनवर बसलेय, नंबर लावून दोघं मागे उभे आहेत, सर स्पीडचा उतारा टाईप कर म्हणतायत आणि मी हे टाईप करतेय. चुका राहतील, राहू देत.

झालं असं की आज कॉलेजात पहिला टीव्ही हा विषय निघाला. एकाच घरात टीव्ही, सगळी गल्ली त्या घरात, पोरं मांडीवर, कुणी माळ्यावर. सगळे हसत होते. मला हसूच येईना. कारण गल्लीतला तो पहिला टीव्ही आमच्याच घरी होता, आणि आमच्या घरात कुणी येतच नव्हतं.

तेव्हा मी सातवीत होते. नाशिक रोडला राहायचो, पप्पा नोटांच्या प्रेसमध्ये. लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही आणला, गच्चीवर अँटेना लागला. आईने नवी सतरंजी अंथरली, मोठं पातेलं भरून चहा ठेवला. रविवारी पिक्चर लागायच्या आधी बायका आल्या, त्या खिडकीशीच उभ्या राहिल्या. आई म्हणाली, "अहो वहिनी, आत या ना, एवढी सतरंजी मोकळी आहे."

"असू दे हो, इथे वारा बरा लागतो," समोरच्या काकू म्हणाल्या. दुसरी म्हणाली पाय धुळीचे आहेत. तिसरीला भात टाकायचा होता, पण ती पिक्चर संपेपर्यंत हलली नाही!

भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आणि शेजारी बुद्धाचा. दोन्ही खिडकीतून स्पष्ट दिसायचे. आता यापेक्षा जास्त काय सांगू?

आईला त्या बायका आत यायला हव्या होत्या. साडी नको, सोनं नको, तिला एवढंच हवं होतं. ती म्हणायची, "संकोचतात गं. हळूहळू येतील." लांबून त्यांना नीट दिसत नाही, म्हणून तिने टीव्ही उचलून थेट खिडकीकडे फिरवला. मग आम्ही आमच्याच घरात भिंतीला टेकून तिरकं बघायचो. हिरॉइन काडीसारखी दिसायची. पप्पा म्हणायचे, "टीव्ही आपला, लाईट आपली आणि मानही आपलीच वाकडी." आई म्हणायची, "तुम्ही गप्प बसा हो."

असं वर्षभर चाललं असेल. मग एक ताई आल्या. विद्यापीठातून, पुण्याहून. टीव्ही आल्यावर लोक काय बघतात, काय बोलतात, कुठली भाषा कळते, यावर त्यांचा अभ्यास चालला होता. खांद्याला शबनम, पायात कोल्हापुरी. आल्या त्या सरळ सतरंजीवर बसल्या आणि चहा मागून प्यायल्या. आई इतकी खूश झाली की विचारू नका. काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ताई, अजून अर्धा कप?"

त्या रविवारी पिक्चरच्या मध्येच टीव्हीला मुंग्या आल्या. नुसती खरखर. पप्पा अँटेना हलवायला गच्चीवर गेले. सगळ्या जागच्या जागी थांबल्या. ताईंनी खिडकीकडे बघत अगदी सहज विचारलं, "तुम्ही सगळ्या आत का नाही बसत? केवढी जागा आहे."

काकू म्हणाल्या, "वारा येतो ना इथे."

"आज तर पान हलत नाहीये," ताई हसून म्हणाल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

तेव्हा काकूंच्या सासूबाई बोलल्या. एरवी गोड बोलणारी बाई. "अगं पोरी, टीव्ही बघायला आलोय. सोयरीक जुळवायला नाही!"

सगळ्या हसल्या. खिडकीतून नुसते दात दिसत होते. आणि माझी आई, तीपण हसली. ते मी बघितलं. हसत हसत ती चहाचे कप गोळा करायला लागली, ताईंच्या हातातला भरलेला कपसुद्धा. ताई गोऱ्यामोऱ्या झाल्या. वरून पप्पा ओरडत होते, "आलं का? आलं का गं?" चित्र परत आलं होतं. आणि त्या सगळ्या परत बघायला लागल्या, पिक्चर संपेपर्यंत! मला वाटलं होतं निदान जातील तरी.

पुढच्या रविवारी आईने कुणाला न विचारता टीव्ही फिरवून आतल्या बाजूला केला. खिडकीतून त्याची पाठ दिसायला लागली. वायरी आणि भोकं.

"अहो वहिनी, दिसत नाही हो!" काकू बाहेरून म्हणाल्या.

आई सतरंजीवर बसूनच म्हणाली, "आत या. इथून छान दिसतं."

काकू दाराकडे आल्या. खरंच, एक पाय पायरीवर ठेवल्यासारखा केला त्यांनी. मागून सासूबाई म्हणाल्या, "चला, दूध उतू जाईल." झालं. खिडकी रिकामी. दिवाळीला काकूंनी स्वतःचा टीव्ही घेतला, सगळी गल्ली तिकडे, आत, सोफ्यावर, जमिनीवर. आम्हाला कुणी बोलावलं नाही.

आता आम्हाला समोरून अगदी सरळ दिसायचं, पण आई यायची नाही. पिक्चर लागला की तिला नेमकं तांदूळ निवडायचं सुचायचं.

वर्षाने ताई परत आल्या. "काकू, बघायला येणारे कमी झाले का?" म्हणून आईला विचारलं. आई म्हणाली, "त्यांनी घेतला ना स्वतःचा." मग ताई चहा यायची वाट न बघता उठल्या.

सर ओरडतायत, उठते. पण तुम्ही सांगा ना. तुमच्या घरी झालं का असं? कुणी खिडकीशी उभं राहिलं का? का तुम्हीच उभे होता?