मामांचा टेम्पो आणि डोंगरावरचा तागा

मी आज जो कोणी आहे तो तुळशीराममामांमुळे. आणि त्या रविवारी अंबाडीपुढच्या एका डोंगराच्या मध्यावर मी लोंबकळत होतो, तोही त्यांच्यामुळेच.

मामांचा भिवंडीत टेम्पो. लूमवरचे कापडाचे तागे दुकानादुकानांत पोचवायचे, हा धंदा. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. पण कॉलेजला पोचलो तो याच टेम्पोत, ताग्यांवर बसून. (वर्गात कपड्यांना चिकटलेल्या सुतावरून मुलं मला ओळखत.)

ठाण्याच्या ऑफिसात लागल्यावर तिथे एक नवं खूळ आलं. कुणीतरी डोंगरात डबा लपवायचा, ती जागा उपग्रहाच्या आकड्यांत सांगायची, आणि दोन गटांनी जीपीएस यंत्र घेऊन तो शोधायचा. डब्यात वही. आधी पोचेल त्याने आधी सही करायची.

"सही कराया डोंगर चढायचा?" मामा म्हणाले. "तलाठी बी एवढा फिरवत न्हाय."

एका गटाचे प्रमुख आमचे साठे साहेब, दुसऱ्याचा मी. कारण मी 'त्या बाजूचा'. साहेबांनी जीप ठरवली. मी अभिमानाने जाहीर केलं, "आम्ही मामांच्या टेम्पोने येऊ." त्याबरोबर माझ्या गटातल्या सगळ्यांना अचानक जीप आवडू लागली. उरली एकटी शिल्पा.

रविवारी सकाळी नाक्यावर साहेबांनी टेम्पो पाहिला आणि म्हणाले, "अरे, टेम्पोत माल येतो, माणसं नाही." सगळे हसले. मामा बॉनेटमध्ये डोकं घालून होते, त्यांना ऐकू गेलं नसावं. मी मात्र तिथेच ठरवलं, आज पहिली सही आपली.

आता सामानाचं सांगतो. ऑफिसने दिलेल्या दोन नव्या कोऱ्या सॅक मी आदल्या दिवशीच घरी आणल्या होत्या. लोकांची वस्तू, धूळ लागू नये, म्हणून मामीने त्या गोणपाटात घालून सुतळीने शिवल्या. कल्पना माझीच. दोर, टॉर्च, जीपीएस, सगळं आत. शिवण इतकी सुबक, की शेजारच्या ताग्यांच्या गठ्ठ्यांत आणि सॅकमध्ये मामीलाही फरक कळला नसता!

शेजारी गठ्ठे होते, कारण मामा गाडी रिकामी काढत नाहीत.

"वाटेतच हाय रं, अंबाडीच्या शेठचा माल. टाकला की निघालो."

अंबाडीत हमालांनी भराभर माल उतरवला. दोन गठ्ठे आम्ही जिवापाड सांभाळून मागे ठेवले. डोंगराच्या पायथ्याशी मी ऐटीत सुतळी कापली. आतून पांढरंशुभ्र कापड निघालं. दुसरा गठ्ठा कापला. त्यातही तेच.

"मामा, सॅक?"

"शेठच्या दुकानात," मामा शांतपणे म्हणाले. "थप्पीला लागल्या असतील."

तेवढ्यात वाटेत नाश्त्याला थांबलेली साहेबांची जीप धूळ उडवत आली. शिल्पा म्हणाली, "चल, यंत्र त्यांच्याकडे आहे ना? त्यांच्या मागे जाऊ." मामांनी एक तागा स्वतःच्या खांद्यावर घेतला, दुसरा माझ्या. "माल सोडून जायाचा न्हाय. चोरीला गेला तं शेठला काय सांगू?"

असा मी ट्रेकला निघालो. कापड घेऊन.

वर एक सरळसोट कातळ आडवा आला. साहेबांचं यंत्र सांगत होतं, डबा इथेच, म्हणजे वर. त्यांचा दोर पुरेना. शिल्पा कॉलेजात असले कातळ चढलेली. तिने ताग्याचं टोक कमरेला बांधलं आणि पालीसारखी वर गेली. कापड झाडाला आवळलं. मामा त्याला धरून चढले. मग मी.

मी अर्ध्यात थांबलो. म्हणजे हातपायच थांबले.

"भाच्या, वर ये न्हायतर खाली जा. मध्ये पार्किंग न्हाय!"

शेवटी मी कापड कमरेला गुंडाळलं आणि त्या दोघांनी मला गठ्ठ्यासारखं ओढून घेतलं.

खालून साहेब ओरडले, "मामा, आम्हालाही घ्या!"

मामा वाकून म्हणाले, "साहेब, ह्याच्यावर माल येतो, मानसा न्हाय."

(म्हणजे ऐकू गेलं होतं!)

"बरं, आधी यंत्र पाठवा. मानसा मागनं."

यंत्र वर आलं. शिल्पाला दगडाखाली डबा सापडला. मी पहिली सही केली, मामांच्या नावाने. मग साहेबांना ओढलं. ते बरेच जड निघाले.

खाली उतरलो तर टेम्पोचा माग काढत आलेले शेठ हजर. गोणपाट उसवून त्यात टॉर्च सापडलेला माणूस कसा दिसतो, तसे दिसत होते. "तुलसीराम, मेरा माल पहाड पे सुखाया?"

"शेठ, मजबुती बघा," मामा म्हणाले. "आख्खा ग्रॅज्युएट टांगला, वर साहेब बी टांगला. एक सूत न्हाय तुटला."

शेठने कापड ताणून पाहिलं आणि हसू लागले. तो मळका तागा त्यांनी विकला नाही. दुकानात पुढे मांडला आणि गिऱ्हाइकांना दाखवू लागले.

पुढे माझी पुण्याला बदली झाली. तिथून मामांना हे पत्र पाठवलं:

"ती. मामांस शि. सा. न. इथल्या ऑफिसातही डोंगरावर जायचं ठरलं आहे. साहेबांनी विचारलं, चढाईचा अनुभव आहे का? मी 'भरपूर' म्हणून बसलो. तरी शेठकडून तो तागा मागून लगेच निघा. चढायचं कसं ते मला अजून येत नाही. तुम्ही ओढलंत की वर यायचं, एवढंच लहानपणापासून येतं. येताना वाटेतलं भाडं अवश्य घ्या. माझे तिथे राहिलेले बूटही आणा. फक्त, ते मामीला गोणपाटात शिवू देऊ नका."