आत्याचं बोलणं आणि माझं इंग्रजी

माझी आत्या मावळातल्या बेडशाची. लग्न होऊन ती घाटाखाली, खाडीकाठच्या गावात गेली. समुद्र तापत चालला, काठची मासळी खोल पाण्यात निघून गेली, तेव्हा तिनं आणि गावातल्या बायकांनी बांबूचे तराफे बांधून खाली दोर सोडले. दोरांना शिंपल्यातली कालवं धरली. कालवं पाणी गाळतात, त्यानं ते निवळलं, आणि दोरांच्या आडोशाला बारकी मासळी पुन्हा येऊ लागली.

गेल्या वर्षी लोणावळ्याच्या एका हॉटेलात हवामानबदलावर परिषद भरली. आत्याला बोलायला बोलावलं होतं. मी तळेगावात इंग्रजी शिकवते, म्हणून भाषांतराला मी.

आत्या न अडखळता बोलली. शेवटी म्हणाली, "औंदा खाडीवरच्या कंपनीनं जेट्टीसाठी खाडी उपसली. समदा गाळ आमच्या दोरांवर आला. निम्मी कालवं मेली. आमी तक्रार दिली, पर कुणी फिरकलं न्हाई."

मी तोंड उघडणार तोच आयोजक बाई माझ्या कानाशी आल्या. "तेवढं सोडून द्या, प्लीज. कंपनीचे लोक समोर बसलेत."

आणि मी सोडलं! "यंदा काही अडचणी आल्या," एवढंच इंग्रजीत म्हणाले. टाळ्या वाजल्या.

आत्या माझ्याकडं वळली. "माझं येवढं लांब बोलणं तुझ्या इंग्रजीत येवढंसं कसं झालं गं?"

माईक चालूच होता. मागं काहीजण हसले. माझ्या कानशिलांची आग झाली. त्या बाईंचा राग आलाच, पण जास्त माझा मला आला. शाळेत पोरांनी एक शब्द गाळला तरी मी पुन्हा वाचायला लावते. मी माईक ओढला आणि सगळं सांगितलं: कंपनी, गाळ, मेलेली कालवं, तक्रार.

लगेच चहाची सुट्टी जाहीर झाली. प्रश्न एकानंही विचारला नाही. आयोजकांचा फोटोग्राफर मात्र टोपली घेऊन आला. आत्यानं ती डोक्यावर घ्यावी, फोटो छान येईल.

"कालवं आमी व्हडीतनं आणतो," आत्या म्हणाली आणि चहा प्यायला गेली.

महिन्याभरानं परिषदेचा अहवाल आला. आत्याचा पानभर फोटो, खाली 'लाभार्थी महिला'. खाडी निवळली या बायकांच्या हातांनी, आणि लाभार्थी याच? गाळाचा उल्लेख कुठंच नव्हता. मी आयोजकांना पत्र लिहिलं, उत्तर नाही. मग तिचं सगळं बोलणं लिहून काढून आम्ही दोघींनी तहसील कचेरीत दिलं. पाहणीला साहेब आले, ते होडीत पायसुद्धा न ठेवता काठावरून परतले.

खाडी अजून उपसतायत. आत्यानं खाडीच्या पलीकडच्या अंगाला, गाळ पोचत नाही तिथं, नवे दोर सोडलेत.