आखातावर चिकटवलेली शितं

माझ्या विहीणबाईंनी जन्मात कुणाचं ऐकून घेतलं नाही, आणि बहारीनच्या त्या ऑफिसात साहेबाने आमच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ‘परत पाठवा’ असा शेरा मारायला पेन उचललं तेव्हाही त्या ऐकेनात. त्यांनी गठ्ठ्यावर हात पसरला. पेन त्यांच्या मनगटाला टेकलं. आता दोघींना विमानात बसवतात, एवढंच मला दिसत होतं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी लेकीच्या बाळंतपणाला तिकडे गेले होते. जावई सलमाबादला वर्कशॉपात फोरमन, आणि विहीणबाई म्हणजे त्याची आई, रायगडातल्या निवृत्त मास्तरीणबाई. काम संपलं की सगळे गावी परतणार, पोरं पुन्हा मराठी शाळेत बसणार, म्हणून चार बिऱ्हाडांनी आपली आठ पोरं घरीच शिकवायला विहीणबाईंच्या हवाली केली होती. एप्रिलात गावी जाऊन परीक्षा द्यायची. नापास झालं की वर्ष बुडालं.

घरची शाळा म्हणून सवलत नाही. सकाळी सातला स्टीलच्या ताटावर पळी वाजायची, मग हजेरी. एकदा थोरला नातू तापाने शेजारच्या खोलीत पडला होता, तरी तो गैरहजर. वर त्याच्या आईकडून, म्हणजे माझ्या लेकीकडून, रजेचा अर्ज मागितला आणि शुद्धलेखनाच्या दोन चुका काढून परत केला. मी चौथी पास. मलाही पोरांत बसवलं. “विहीणबाई, एकोणतीसच्या पाढ्यात तुम्ही नुसत्या पुटपुटता,” म्हणाल्या. खरंच पुटपुटत होते.

त्या वर्षी गावाकडे पुस्तकं बदलली. नवी मागवली, ती बाहेरून आलेलं छापील तपासणाऱ्या सरकारी ऑफिसात अडकली. भूगोलाच्या नकाशात ‘इराणचे आखात’ छापलेलं, आणि त्या देशात त्या समुद्राला अरबी आखातच म्हणायचं. परीक्षेला दोन महिने उरलेले. विहीणबाईंनी चारही बिऱ्हाडांच्या सह्या घेऊन अर्ज लिहिला, मराठीत. मी म्हटलं, “अहो, इथे मराठी कोण वाचणार?”

“पुस्तक वाचलंच ना त्यांनी? मग अर्जही वाचतील.”

तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला साहेब म्हणाला, “मम्मा, नक्शे का पन्ना फाडो, खलास. नहीं तो सब वापस.”

“फाडेगा तो पीछे का धडा भी जायेगा. पीछे सब नद्या है!” विहीणबाई कडाडल्या. “छत्तीस साल शाळा में शिकवाया. एक पोरगे को पान फाडने नहीं दिया. तुम्हारे वास्ते फाडूँगी?”

तेव्हा त्याने पेन उचललं.

हात तसाच ठेवून विहीणबाई मला म्हणाल्या, “डबा काढा.” मला वाटलं, बाईला भूक लागली. पण त्यांनी गठ्ठा घेऊन तिथेच फरशीवर बसकण मारली, अर्जाच्या कोऱ्या कडेच्या आठ पट्ट्या माझ्याकडून कापून घेतल्या, डब्यातली शितं बोटाने चिरडली आणि एकेका पुस्तकातल्या आखाताच्या नावावर पट्टी चिकटवत गेल्या. भाताला तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण लागलेलं. साहेबाने आधी नाक धरलं, मग शेजारच्या साहेबाला बघायला बोलावलं.

शेवटी त्याने एक पट्टी नखाने खरवडली. “निकलेगा तो नहीं?”

“गाव का तांदूळ है. पुस्तक फटेगा, ये नहीं निकलेगा.”

तो हसला आणि शिक्का मारला. एक पान कमी झालं नाही.

घरी येऊन पोरांना म्हणाल्या, “इथे असेपर्यंत इथलं नाव, परीक्षेत पुस्तकातलं. दोन्ही पाठ करा.” भूगोलाचा तास आला की कालवणाचा वास सुटायचा. कुणी नाक मुरडलं की छडी.

आठही पोरं पास झाली. माझ्या नातवाने भूगोलात वर्गात पहिला नंबर काढला. मी गावभर सांगितलं, विहीणबाईंनी त्याला फक्त अक्षर सुधारायला सांगितलं.

त्यांच्याशी माझं कधी गोड बोलणं झालं नाही. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्या चुका काढणारं आता कुणी नाही, आणि मला ते आवडत नाही.

त्या दिवशी त्या ऑफिसात आम्ही दोघी होतो. ते सांगायला आता मी एकटीच आहे.