दिवा लागला तरच पंखा

राजेश्वरीने शिडीवर चढून एक्झॉस्ट पंख्याच्या जाळीला वर्तमानपत्राचा तुकडा टेकवला आणि खाली उभ्या असलेल्या कौमुदीला म्हणाली, "ताई, दिवा लावा."

दिवा लागला, पंखा घरघरला आणि कागद जाळीला चिकटून बसला. म्हणजे हवा ओढली जात होती. तरी बाथरूमची भिंत छतापर्यंत बुरशीने काळी पडली होती.

"आता तूच बघ," कौमुदी म्हणाली. "पाऊस सुरू झाल्यापासून वाढतेच आहे. त्यापेक्षा काढून टाक तो आणि भोक बुजव. निदान पाऊस आत येणार नाही."

राजेश्वरीचं हे स्वतःच्या नावावरचं पहिलं काम. लहानपणी वडिवळ्यात शेतातली मोटर बिघडली की वडील वायरमन शोधायला जात आणि ही मेन बंद करून झाकण उघडून बसे. पुढे आयटीआय झालं. मग कंत्राटदाराकडे दुसऱ्यांच्या शिड्या धरल्या. आता कुठे लोणावळ्यात तिला कुणी नावाने बोलावलं होतं, आणि बसवलेला पहिलाच पंखा उतरवायची वेळ आली.

तेवढ्यात वडिलांचा, हौशीरामांचा फोन आला. तिने सगळं सांगितलं.

"पंका फिरतुया न्हवं?"

"फिरतोय आबा. भिंत मात्र ओलीच."

"मोटर धडधाकट अन् भात सुकतंय, तवा आपुन काय बगायचो?"

"लाइट कधी असते ते."

"मंग त्येच बग की."

लाइट तर होती. पण कधी? वाफ असते तेव्हा?

गॅलरीत कौमुदीचे सासरे दिगंबरकाका चहा पीत बसले होते. रेल्वेच्या सिग्नल केबिनमधून निवृत्त झालेले. घरातली सगळ्यांत कढत आणि लांबलचक आंघोळ त्यांची.

"काका, आंघोळीला जाताना दिवा लावता?"

"उजाडल्यावर? खिडकीच्या काचेतून लख्ख दिसतं की. दिवसा दिवे जाळायची पद्धत नाही आमच्यात."

"आणि गीझर चालू असतो? म्हणजे पंखा त्याच्या बटणाला जोडता येईल."

"छे. तो बंद केल्याशिवाय मी पाण्याला हात लावत नाही."

राजेश्वरीला हसू आलं. पंख्याची वायर तिनेच दिव्याच्या बटणाला जोडली होती. पंखा लावायला माणूस विसरेल, पण अंधारात आंघोळ कोण करणार, असा तिचा हिशेब. वडिवळ्यातल्या त्यांच्या न्हाणीला खिडकीच नव्हती. इथे मात्र वाफ दाटायची तेव्हा पंखा झोपलेला, आणि संध्याकाळी कुणी पाय धुवायला गेलं की जागा.

"चूक माझी आहे, ताई. जोडण्याआधी विचारायला हवं होतं."

तिने मेन बंद केला, बाहेरचा बोर्ड उघडला, पंख्याची वायर दिव्यापासून सोडवली, रिकाम्या बटणाला दिली आणि मेन पुन्हा चालू केला.

"बाबा लावतील का पण?" कौमुदी हळूच म्हणाली. "ते तर आमच्या मागून बटणं बंद करत फिरतात."

दिगंबरकाकांना ते ऐकू गेलं. "लावीन की. पण बंद कधी करायचा ते सांग. उगाच फिरत राहिलेला मला चालायचा नाही."

राजेश्वरीने दारातून आत बेसिनवरच्या आरशाकडे पाहिलं. "आरशात तोंड स्वच्छ दिसलं की."

"म्हणजे सिग्नल मिळाल्याशिवाय नाही."

"असंच समजा."

"मग बघूच आत्ता."

काकांनी बाथरूममध्ये येऊन बादलीत कढत पाणी सोडलं. आरसा पांढरा झाला. काकांनी बटण दाबलं आणि तिघंही आरशापुढे उभे राहिले. बराच वेळ काहीच घडेना. कौमुदीने राजेश्वरीकडे पाहिलं. मग वरच्या कोपऱ्यात काच निवळली, काकांचं कपाळ दिसलं, मग चष्मा, मग मिशा.

"आमच्या केबिनमध्ये असा एक आरसा हवा होता," म्हणत काकांनी स्वतः जाऊन बटण बंद केलं.

कौमुदी भिंतीजवळ गेली. काळ्या डागावरून तिने बोट फिरवलं.

"राजेश्वरी, ही बुरशी घासायला काय वापरू गं?"

राजेश्वरीने शिडी मिटवली.