आईची दुपारची गोळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या भावालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? — ठाऊक नाही.

मी नृत्यरचना करते. आधी कथक शिकले, मग त्यात व्हिडिओ, आवाज, साधं चालणं-बसणं मिसळत गेले. बाहेर बरीच वर्षं काढून ग्वाल्हेरला परतले ती एका रेसिडेन्सीसाठी — काही महिने एका जागी राहून नवं काम उभं करायचं. पडाव भागात सरावाला हॉल मिळाला होता, शेवटी काम लोकांसमोर दाखवायचं होतं. विषय मीच दिला होता — आईचे हात.

आईला कंपवात होता. दौलतगंजच्या घरी आम्ही दोघीच. गोळी वेळेवर घेतली की तिचे हात शांत असायचे; संध्याकाळी गल्लीतल्या मुलींना ती पेटी शिकवायची. मी कॅमेरावाल्याला घरी आणलं, तर हात शांतच. चारचौघींसारखे. त्यात मी काय दाखवणार होते?

दुसऱ्या दिवशी कॅमेरावाला पुन्हा यायचा होता. मी तिला दुपारची गोळी दिली नाही.

विसरले असं म्हणू? नाही. गोळी माझ्या मुठीत होती.

"गोळी दिलीस ना ग?"

"हो आई, मघाशीच नाही का दिली!"

तिने मान डोलावली. हात थरथरू लागले, मग हनुवटी. ती खुर्चीतून उठायला गेली — पाय जमिनीला चिकटल्यासारखे, उचलेचनात. माझ्याकडे बघत राहिली. मी काय केलं? कॅमेरावाल्याला म्हटलं, "थोड़ा और पास से."

तो गेल्यावर आई हळूच म्हणाली, "आता गोळीपण काम नाही करत, बघ."

तेव्हा बोलायचं होतं. एकच वाक्य होतं — नाही बोलले. तिचा पदर सारखा केला.

पुढच्या आठवड्यात तिने हेच डॉक्टरांना सांगितलं. "अम्माजी, बीमारी थोड़ी बढ़ी है," म्हणत त्यांनी डोस वाढवला. मी शेजारीच बसले होते. त्या डोसनं तिला खोलीत नसलेली माणसं दिसू लागली, तरी मी गप्प. आता सांगितलं तर आई काय म्हणेल — एवढंच डोक्यात. पुढे डोस कमी झाला, माणसं दिसेनाशी झाली. पण आईनं हाय खाल्ली होती. मुलींना तिने यायला नको म्हणून सांगितलं. पेटीला पुन्हा हात लावला नाही. आजार वाढला, गोळी हरली, असंच समजून ती मागच्या हिवाळ्यात गेली.

पडद्यावर आईचे ते थरथरते हात असलेलं काम गावोगावी झालं. अजून होतं. दिल्लीत प्रयोगानंतर एक मुलगी डोळे पुसत उठली. "दीदी, माँ ने आप पर इतना भरोसा कैसे किया?"

मी म्हटलं, "माँ है मेरी. भरोसा तो करेगी ही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून नमस्कार केला.