कोगारा फाटकापाशी थांबतो

त्या दिवशी मी दौंडला घरी पाय पसरून मोबाइलवर कोगाराचा नवा भाग बघत होतो आणि नेहमीप्रमाणे एकटाच बडबडत शिव्या घालत होतो. कोगारा म्हणजे आमच्या लहानपणी रविवारी सकाळी टीव्हीवर लागणाऱ्या कार्टूनमधला डोंगराएवढा निळा रोबो. जपानी, पण हिंदी बोलणारा. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्याला नवी रंगरंगोटी करून परत आणला होता. त्याने लाथ मारायला पाय उचलला, आणि पाय तसाच हवेत असताना चित्र गेलं व माझ्या दोस्ताचं, रूबेनचं नाव झळकलं. फोन उचलल्या उचलल्या मी म्हणालो, "अरे, काय वाट लावलीय यांनी, बघ तरी एकदा!" पलीकडे त्याची बायको होती. "भाऊजी, हे गेले..." एवढंच त्या बोलल्या. फोन बंद झाला तसा कोगारा आपोआप पुन्हा सुरू झाला आणि राहिलेली लाथ त्याने मारली. त्या क्षणी मला त्या मोबाइलचा एवढा राग आला की तो मी गादीवर आपटला.

याला आता काही आठवडे होऊन गेले, पण माझं चित्त थाऱ्यावर नाही. मी शाळेत चित्रकला शिकवतो. मुलांना सफरचंद काढायला सांगतो आणि स्वतः वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालतो. "सर, बसा की," असं परवा एक मुलगी म्हणालीसुद्धा. माणूस आजारी होता, जाणार हे कळत होतं, त्यामुळे जाण्याचा धक्का एक वेळ पचेल. पण एक गोष्ट पचत नव्हती. शेवटच्या काही महिन्यांत मी दर शनिवारी त्याच्याकडे शिरूरला जात होतो, आणि नव्या कोगाराचा एक भाग, फक्त एकच भाग, त्याने माझ्या शेजारी बसून बघावा म्हणून अक्षरशः त्याच्या विनवण्या करत होतो. त्याने तो बघितला नाही. का नाही बघितला, हा प्रश्न मी अंगात काटा मोडल्यासारखा घेऊन फिरत होतो.

रूबेन साळवे आणि मी एका बाकावरचे. त्याचे वडील रेल्वेत फिटर, राहायला दौंडच्या रेल्वे कॉलनीत. आमची वस्ती भांडगावच्या शिवारात, गावापासूनही आत. शिकायला म्हणून मला दौंडला मामांकडे ठेवलं होतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी एसटीने घरी पळायचो, तो सोमवारी परत. घरी टीव्ही नव्हता, आणि असता तरी वस्तीवरची वीज रविवारी सकाळी असेलच असं कुणी छातीठोकपणे सांगितलं नसतं. म्हणजे अख्खं दौंड ज्या वेळी कोगारा बघत होतं, त्या वेळी मी गोठ्यात शेण भरत होतो. कोगारा दिसायला कसा, हे मला फक्त वहीच्या कव्हरवरून माहीत होतं. बाकी सगळा कोगारा मला रूबेनने दिला. सोमवारी मधल्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीमागे.

काय सांगायचा तो! तोंडाने मोटारी, स्फोट, लोखंड वाकल्याचा आवाज. डबा उघडा पडायचा आणि घास हातात सुकायचा. एका भागात शत्रूचा रोबो शहरावर चालून येतोय, कोगारा धावत सुटलाय, आणि मध्ये रेल्वेचं फाटक लागतं. फाटक बंद. कोगारा थांबतो. "आरं, पण त्यानं वरून टांग टाकायची ना!" मी तडफडून म्हणालो. रूबेनने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच रूळ ओलांडताना सापडलोय. "फाटक बंद म्हंजी बंद. मालगाडी जाऊ दिली त्यानं. गार्डाला हात बी केला." मला ते लगेच पटलं. एवढी ताकद असून थांबतो, म्हणून तर तो कोगारा!

माझा सगळ्यात आवडता भाग मात्र वेगळा होता. त्यात कोगारा शत्रूच्या रोबोला हरवतो. तो मोडून नदीच्या वाळूत पडलेला असतो, त्याच्या डोळ्यांतले दिवे हळूहळू विझत असतात. लोक ओरडतात, संपव त्याला. कोगारा संपवत नाही. मांडी घालून त्याच्या शेजारी बसतो, दिवा पूर्ण विझेपर्यंत. शेवटी तो मोडलेला रोबो विचारतो, तू का थांबलास? आणि कोगारा म्हणतो, तुला एकट्याला वाटलं असतं म्हणून. हे सांगताना रूबेनचा आवाज बारीक झाला होता. मी घरी जाऊन ते चित्र काढलं, मग पुन्हा काढलं, मग काढतच राहिलो. आज मी चित्रकलेचा मास्तर आहे त्याचं मूळ त्या वाळूत आहे, हे मी शिक्षक दिनाच्या भाषणात सांगत नाही, पण खरं तेच आहे.

पुढे रूबेन एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला लागला आणि आजोबांच्या जुन्या घरात, शिरूरच्या मिशन चर्चच्या जवळ, आईला घेऊन राहायला गेला. लग्नं झाली, पोटं सुटली, भेटी कमी झाल्या. मग त्याच्या किडन्यांनी दगा दिला आणि भेटी वाढल्या. डायलिसिस सुरू झालं तेव्हाच नव्या कोगाराची बातमी आली. मला वाटलं, देवच पावला! मी टॅब घेतला, त्यावर सगळं चढवलं आणि गाडीला किक मारून शिरूर गाठलं. तो खाटेवर उशीला टेकून बसला होता. टॅब बघितला आणि मान फिरवली.

"तू बघ, आन् मला सांग," तो म्हणाला. "आता तुझी पाळी."

मला वाटलं, डोळ्यांना त्रास होत असेल. पुढच्या शनिवारी पुन्हा विचारलं, त्याच्या पुढच्या शनिवारीही. उत्तर तेच. मग मी सांगू लागलो, आणि खरं सांगतो, मला सांगता येत नाही. शिवाय सांगण्यासारखं होतं काय त्यात? नवा कोगारा चकाचक, सडपातळ, जिममधून आल्यासारखा. सतत विनोद करतो. इमारती पाडतो आणि मागे वळून बघत नाही. मी तावातावाने उणीदुणी काढायचो आणि रूबेन डोळे मिटून हसायचा.

"फाटकापाशी थांबतो का?"

"कुठलं फाटक! फाटकच न्हाई आख्ख्या मालिकेत."

"आन् वाळूत बसतो?"

"तेच तर! तेच काढून टाकलंय भडव्यांनी."

"मग तू घाल की," तो शांतपणे म्हणाला. "मला सांगताना घालत जा. मला कुठं कळणार हाय?" मी चिडलो. म्हणालो, असं मनाचं घालायला ती काय आपल्या बापाची मालिका आहे? यावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला आणि वहिनी पाणी घेऊन धावत आल्या. वहिनींनी माझ्याकडे रागाने बघितलं आणि मी टॅब पिशवीत घातला.

तो गेल्यावर माझ्या रागाला ऊत आला. कोगाराच्या चाहत्यांचा इंटरनेटवर एक ग्रुप आहे, तिथे मी लांबलचक लिहिलं की जुन्या मालिकेचा आत्मा ज्या भागात होता, वाळूतल्या त्या भागालाच या लोकांनी हात लावलेला नाही. वाटलं, सगळे तुटून पडतील कंपनीवर. तुटून पडले ते माझ्यावर. कुठला वाळूचा भाग? असा भागच नव्हता. कुणी म्हणालं, काका, दुसरं काहीतरी आठवतंय तुम्हाला. मी काका? मी तर त्यांच्यातला सगळ्यात जुना भक्त! मी भांडलो. फाटकाचा पुरावा दिला, तर लोक हसून लोळले. शेवटी एकाने जुने भाग जिथे ठेवले होते ती जागाच दाखवून दिली. मी बसलो आणि एकेक करून सगळे बघितले. आयुष्यात पहिल्यांदा.

भिकार मालिका होती हो. रंग उडालेले, तेच तेच स्फोट पुन्हा पुन्हा वापरलेले. कोगारा येतो, मारतो, जातो. फाटक नाही, मालगाडी नाही, वाळू नाही. आधी मी म्हणालो, कापले असतील भाग. मग म्हणालो, हिंदीत वेगळे असतील. माणूस स्वतःला किती वेळ गुंडाळू शकतो याला काही सीमा नाही. पण जे गेले कित्येक दिवस मला बसू देत नव्हतं, ते आता उभंही राहू देईना. मी गाडी काढली आणि शिरूरला रूबेनच्या आईकडे गेलो.

मावशी ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला बघून सरकल्या, जागा केली. थोडा वेळ मीही शेंगा सोलल्या. मग न राहवून विचारलं, "मावशी, दौंडला असताना रूबेन रविवारी सकाळी तो रोबो बघायचा ना टीव्हीवर, त्यातलं तुम्हाला काही आठवतं का?"

"रविवारी?" त्यांनी शेंग खाली ठेवली. "रविवारी आमी कुठं दौंडात असायचो? शनिवारी ह्यांची ड्युटी सुटली की हितं शिरूरला. सासरं एकटं हुतं ना. रविवारी उपासना, मग पोरांचं संडे स्कूल, मग जेवान, आन् सांजच्या एसटीनं माघारी. एक रविवार चुकू दिला न्हाई ह्यांनी."

"आणि टीव्ही?"

"हितं कुठला टीव्ही? सासऱ्यांना चालायचाच न्हाई. एकदा त्याला गोवर निघाला तवा तेवढं आमी दोघं घरी ऱ्हायलो. त्या रविवारी बघितला आसंल काय तो."

एका गोवरावर गड्याने मला शाळाभर कोगारा पुरवला होता! आणि मी? साळवे रविवारी चर्चला जातात हे मला तेव्हाही माहीत होतं. पण आमच्याकडे देवाला जायचं म्हणजे चप्पल काढायची, घंटा वाजवायची, अंगारा लावायचा आणि घरी यायचं. चहा गार व्हायच्या आत परत. चर्चचंही तसंच असणार, हे मी गृहीत धरलं होतं. पुढे याच चर्चमध्ये रूबेनच्या लग्नात पाय आखडेपर्यंत बसलो, तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही. तो माझ्या शेजारी बसून कोगारा का बघत नव्हता, ते आता कळलं. बघता बघता त्याच्या चेहऱ्यावर दिसलं असतं की हे सगळं त्याला नवीनच आहे. मला राग यायला हवा होता. आलासुद्धा, घटकाभर. मग मी शेंगांची पाटी बाजूला सरकवली आणि डोळे पुसले. त्याची आठवण मी इतके दिवस भलत्याच ठिकाणी शोधत होतो.

मावशींना वाटलं, मला भडभडून आलं ते त्याच्या जाण्याने. त्या उठल्या, खुंटीवरची किल्ली घेतली. चर्चची किल्ली त्यांच्याचकडे असते, झाडलोट त्या बघतात. "चल, दावते," म्हणाल्या. आत गार होतं. खिडकीकडच्या, मागून दुसऱ्या बाकापाशी त्या थांबल्या आणि पदराने त्यावरची धूळ पुसली.

"हितं बसायचा. पाळकसाहेबांचं प्रवचन सुरू झालं की ह्याचं डोळं मिटायचं आन् ओठ हलाया लागायचं. मधीच हसायचा, मधीच कपाळाला आठ्या. ह्याचे वडील मला कोपरानं ढोसायचे... बघ, लेकरू प्रार्थना करतंय. लई अभिमान वाटायचा त्यांना. एकदा तर मधीच पाय आसा आपटला की समदी वळून बघाया लागली."

सोमवारचा कोगारा ज्यावर तयार व्हायचा, त्या बाकावर मी बसलो. लाकूड बसून बसून गुळगुळीत झालेलं होतं. मावशी शेजारी टेकल्या आणि समोरच्या क्रुसाकडे बघू लागल्या.

"येवढी प्रार्थना केली रं त्यानं बारकेपनी," त्या म्हणाल्या. "तू त्याचा दोस्त. तुला कधी बोलला का, काय मागायचा तो?"

"सोतासाठी न्हाई मागायचा, मावशी," मी म्हणालो. "माझ्यासाठी मागायचा."

त्यांनी माझा हात हातात घेतला.

"आन् मग? मिळालं का तुला?"

"मिळालं की, मावशी. समदं मिळालं."